टोरियेची मालकी

खडकाला कान लावून उभा असलेला माणूस प्रणोतीनं आजवर पाहिला नव्हता. तो पोरगा एका हातानं खडकावर बारकीशी हातोडी मारायचा, ऐकायचा, दोन पावलं सरकायचा, पुन्हा मारायचा. त्याच्या मागं एक मुलगी मान वर करून उभी होती आणि तो सांगेल तिथं खडूनं खुणा करत होती.

लेकीला, जुईला, कडेवर घेऊन प्रणोती लिंबाखाली थांबली. दगड वाजवून कोण बघतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. शहपुऱ्याच्या वाटेवर गिट्टीच्या खदानी काही कमी नव्हत्या. आधी कोणीतरी येतो, दगड वाजवतो, भोकं पाडतो. मग एक दिवस भोकांत सुरुंग भरतात.

जमीन तिच्या सासऱ्यांची, मुरलीधररावांची. फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती सगळ्या मित्रांचं बोलणं डावलून घेतली होती, कारण जमिनीच्या मधोमध टोरिया होती. टोरिया म्हणजे खडकाळ टेकडी, मोठमोठे गोल दगड एकावर एक रचून कोणीतरी जेवायला निघून गेल्यासारखी. तिच्यावर ना पीक, ना प्लॉट. मित्र म्हणाले, मुरलीधर, तू पैसे देऊन गोटे घेतलेस. मुरलीधरराव म्हणाले, गोटे तर गोटे, पण माझे. जबलपुरातल्या चेरीतालच्या भाड्याच्या खोल्या सोडून टोरियेच्या पायथ्याशी घर बांधायचं, एवढंच त्यांचं स्वप्न होतं, आणि लग्न होऊन आल्यापासून ते प्रणोतीचंही झालं होतं. नवऱ्याच्या, गौतमच्या पगारात दुसरी जमीन या जन्मात होणार नव्हती. जुईला स्वतःचं म्हणता येईल असं जगात एवढंच होतं.

"कोण आहेत हे, बाबा?"

"अगं, नागपूरचे पोरं आहेत," मुरलीधरराव स्टोव्हवर चहा ठेवत म्हणाले. मराठी बोलणारा माणूस दिसला की त्यांना तो नात्यातला वाटे. "दगडावर चढतात म्हणे. दोरी बांधून."

"काहून?"

"काहून म्हणजे? आवड आहे त्यांची. तू नाही का सकाळी उठून योगा करत."

पोरगा खाली आला. हात पांढऱ्या भुकटीनं माखलेले, गुडघे खरचटलेले. "नमस्कार वहिनी, मी केतन. ही रुचिरा. काकाजींना सांगितलंच आहे आम्ही सगळं."

"मला नाही सांगितलं."

मग त्यानं तिलाही सांगितलं. इथला दगड फार चांगला आहे, पकड मस्त आहे. याच्यावर आजवर कोणी चढलेलं नाही, म्हणून चढायच्या नव्या वाटा तयार करायच्या. वाट म्हणजे काही रस्ता नाही, खडकात ठराविक अंतरावर बोटभर भोकं पाडून पोलादी खिळे बसवायचे, त्यात कडी, कडीत दोर. पडला तर माणूस दोरावर लटकतो, खाली येत नाही.

"आणि हातोडी कशाला मारून राहिले होते?"

"दगड पोकळ तर नाही ना, ते पाहत होतो. पोकळ वाजला तर तिथं खिळा ठोकत नाही. निघून आला तर जीव जाईल."

उत्तर त्याच्या तोंडात तयार होतं. तयार उत्तरांचा प्रणोतीला विशेष संशय येई.

रुचिरानं पाठपिशवीतून कागद काढला. "जमीनमालकाची परवानगी लेखी घेतल्याशिवाय आम्ही एकही भोक पाडत नाही. एका ठिकाणी तोंडी हो म्हटलं होतं, सगळं तयार झाल्यावर भावाभावात भांडण लागलं आणि आम्हाला काठ्या घेऊन पळवलं. तेव्हापासून कागद."

मुरलीधररावांनी खिशाचं पेन काढलंसुद्धा. प्रणोतीनं जुईला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि पेन धरलेला हात आपोआप अडकला. कागद तिनं उभ्या उभ्या वाचला. नवीन मार्ग तयार करण्यास, खिळे बसवण्यास आणि संस्थेच्या सभासदांना येण्याजाण्यास हरकत नाही.

येण्याजाण्यास. तिथं तिचं बोट थांबलं. अमरावतीला तिच्या वडिलांच्या प्लॉटमधून शेजाऱ्यांनी एका गणपतीपुरता रस्ता मागितला होता. दहा दिवसांचा गणपती उठला, रस्ता काही उठला नाही. कोर्टात वडील गेले तेव्हा वकिलानं एकच शब्द सांगितला, वहिवाट. प्रणोती तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. घरातलं जेवण कसं मुकं होतं ते तिनं त्या वर्षी पाहिलं होतं.

"घरी वाचून सांगते," ती म्हणाली.

"बेटा, मी हो म्हणून बसलो आहे त्यांना."

"हो तर आहेच, बाबा. फक्त सही नाही."

मुरलीधरराव ओशाळले. केतन हसून म्हणाला, "घाई नाही वहिनी. दगड कुठं जात नाही." तेही तिला आवडलं नाही. दगड जाऊ शकतो, हे त्याला सुचलं तरी कसं.

घरी तिनं गौतमला सांगितलं. तो फॅक्टरीतून येऊन पाय पसरून बसला होता आणि जुई त्याच्या पोटावर चढून राहिली होती.

"हे बघ, ही पण चढून राहिली. हिच्याकडूनही कागद घेतेस का?"

"थट्टा नको. मला एक सांग, दगडावर चढायला नागपूरहून कोणी येतं का? नागपुरात दगड नाहीत?"

"आहेत ना. पण मालकांच्या सुना इतक्या सुंदर नाहीत."

"गौतम."

"बरं, बरं. अगं, करू दे ना पोरांना. दोनचार खिळे ठोकतील, सेल्फी काढतील, कंटाळतील."

"उद्या कोणी पडलं तर? पोलीस कोणाच्या दारात येतील?"

ज्याचं उत्तर नाही त्यावर गौतम झोपत असे. प्रणोतीनं मोबाइल काढला. केतनला शोधायला वेळ लागला नाही. डोंगर, दोर, बर्फ, पुन्हा डोंगर. आणि सगळ्यात वर, ताजा फोटो, त्यांची टोरिया. त्यांचा लिंब, कोपऱ्यात मुरलीधररावांचा स्टोव्हसुद्धा. खाली लिहिलेलं, जबलपूरजवळ नवा खडक सापडला, लवकरच वाटा खुल्या.

सापडला. जसा काही हरवला होता. खाली कोणीकोणी विचारलेलं, पत्ता पाठवा, आम्ही येतो, गाडी लावायला जागा आहे का. प्रणोतीनं ते सगळं वाचलं आणि तिच्या डोळ्यांसमोर सभासद दिसू लागले. गाड्यांची रांग, लिंबाखाली तंबू, आणि वकिलाचा तो शब्द. सही मागायच्या आधीच यांनी दवंडी पिटली होती. मग सही कशाला मागतात? सही झाली की कोणी बोलायला नको म्हणून.

तिनं कागदावरच्या नंबरावर रुचिराला फोन लावून फोटो नेटवरून काढून टाकायला सांगितलं. रुचिरानं माफी मागितली, केतनला अक्कल नाही म्हणाली आणि फोटो तासाभरात गेला. इतक्या चटकन गेला की प्रणोतीला वाटलं, यात काहीतरी आहे.

पुढल्या खेपेला ती मुद्दाम एकटीच गेली, जुईला घेऊन. बांधावर भय्यासाहेब उभे होते. शेजारची शेती त्यांची, तीन पिढ्यांची. पांढरा सदरा, गळ्यात गमछा, मराठी अशी की दर तिसरा शब्द हिंदी. जमीन घेतली तेव्हापासून या घराचा विहिरीच्या पाण्यासाठी, मजुरांसाठी, सापासाठी, सगळ्यासाठी आधार तेच.

"सूनबाई, ते लोग फिर आले होते काय? टेप घेऊन मोजून राहिले होते टोरियेले."

"मोजत होते?"

"ऊपर से नीचे. मी विचारलं, काय मोजता भैया? तर म्हणते, दोर किती लागेल." भय्यासाहेबांनी तंबाखू मळली. "दोर. आपण इथं बाल सफेद केले, कोणी दोर मोजायले नाही आला."

आपल्याला वाटलं ते आणखी कोणाला वाटतं, याचा प्रणोतीला दिलासाही वाटला. तिनं त्यांना सगळं सांगितलं, कागद, फोटो, सासऱ्यांचा शब्द. भय्यासाहेब मान हलवत ऐकत राहिले.

"मुरलीधर भला माणूस. त्याच्या तोंडून नाही निघत नाही. आणि कोर्टकचेरी करायची तर उमर जाते. एक सांगू? बुरा नका मानू."

"सांगा ना."

"शेंदूर लावून द्या."

"काय?"

"टोरियेच्या पोटाशी एक दगड आहे ना, उभा? त्याले शेंदूर, एक नारळ, लाल झंडी. बस. माताराणीच्या अंगाले भोक पाडायची कोणाची हिंमत नाही. मझौलीकडे माझ्या साल्यानं कुँआ असाच वाचवला."

प्रणोती हसली. मग हसायची थांबली. भिंतीवर लोकांनी घाण करू नये म्हणून देवांच्या टाइल्स लावतात, ते तिनं रोज पाहिलं होतं. वकील नाही, भांडण नाही, सासऱ्यांना शब्द मोडावा लागणार नाही. उपाय इतका साधा होता की आपल्याला आधी का सुचला नाही याचंच तिला वाईट वाटलं. भय्यासाहेबांना तो इतका पटकन का सुचला, हे मात्र तिला सुचलं नाही. संशय घ्यायचा तेवढा तिनं दुसरीकडे खर्च करून टाकला होता.

मंगळवारी तिनं शेंदूर तेलात कालवला आणि स्वतःच्या हातानं त्या उभ्या दगडाला लावला. जुईनंही बोट बुडवलं. नारळ फोडला, काठीला झंडी बांधली. मागं वळली तर मुरलीधरराव उभे होते.

"हे काय करून राहिली तू?"

"काही नाही बाबा. ते लोक जाईपर्यंत. मग पुसून टाकू."

"शेंदूर पुसत नसतात, बेटा."

"कोण पाहून राहिलं इथं?"

सासऱ्यांनी चपला काढल्या, दगडाला हात जोडले आणि मगच स्टोव्ह पेटवला. तिच्या मनात आलं, यांना मी सांगितलं की हे खोटं आहे, तरी यांनी चपला काढल्या.

केतन आणि रुचिरा रविवारी आले. दगड पाहून दोघंही थबकली. केतननं खांद्यावरची दोराची पिशवी हळूच खाली ठेवली, जशी झोपलेल्या माणसाजवळ ठेवतात.

"वहिनी, हे मागच्या वेळी नव्हतं ना इथं?" रुचिरानं विचारलं.

"होतं. तुमचं लक्ष वर होतं."

रुचिरानं तिच्याकडे पाहिलं. दोघी एकाच वयाच्या असाव्यात. त्या नजरेत राग असता तर प्रणोतीला बरं वाटलं असतं. "असेल," रुचिरा म्हणाली. "जिथं लोकांची श्रद्धा आहे तिथं आम्ही ठोकत नाही. तुम्ही नुसतं नको म्हटलं असतं तरी गेलो असतो."

"काकाजी, चहासाठी थँक्यू," केतन म्हणाला. त्यानं जुईला खिशातली छोटी कडी खेळायला दिली, प्रणोतीनं ती लगेच परत केली, आणि ती दोघं फटफटीवर बसून निघून गेली.

मुरलीधरराव त्या दिवशी जेवले नाहीत. पित्त झालं म्हणाले.

प्रणोती जिंकली होती, पण ते इतक्या सहज कसे गेले, हे तिच्या डोक्यातून जाईना. ज्यांना जमीन हवी असते ते असे जात नाहीत. मग यांना हवं तरी काय होतं? रात्री भाकरी थापताना तिला पहिल्यांदा वाटलं की कदाचित त्यांना खरंच वर चढायचं होतं. ती शंका तिनं तव्यावरच सोडली.

मग जुईला ताप आला, तापातून गोवर निघाली, आणि बरेच दिवस घरातलं कोणी जमिनीकडे फिरकलं नाही. प्रणोती फिरकली तेव्हा एका झंडीच्या सात झाल्या होत्या. उभ्या दगडाला चांदीचे डोळे लागले होते. पायाशी विटांचा चबुतरा, ओल्या सिमेंटचा वास, वर लटकलेली घंटा. कुंपणाची तार एका ठिकाणी कापून तिथून पायवाट पडली होती, माणसांच्या पायांनी गुळगुळीत झालेली.

तिला आधी दिसली ती पायवाट. चबुतरा नंतर दिसला.

"कोणी केलं हे?" तिनं बांधावरून भय्यासाहेबांना विचारलं.

"कोणी म्हणजे? लोकांनी. श्रद्धा आहे. एकाच्या म्हशीनं दूध देणं सोडलं होतं, इथं नारळ फोडला, दुसऱ्या दिवशी बालटी भरली. आता कोणाकोणाले थांबवता, सूनबाई?"

"पण तुम्हाला तर ठाऊक आहे, मी कशासाठी लावला होता."

"मले ठाऊक आहे," भय्यासाहेब म्हणाले आणि शेताकडे वळले.

मुरलीधरराव ज्या ज्या कचेरीत गेले तिथून एकच उत्तर घेऊन आले, धर्माचा मामला आहे दादा, आपसात मिटवा. गौतमनं या वेळी थट्टा केली नाही. तो म्हणाला, "तू आम्हाला विचारायचं तरी होतं," आणि कूस बदलली. त्यापेक्षा त्यानं ओरडायला हवं होतं.

शेवटी तिनं रुचिराला फोन केला. बोलायला सुरुवात कशी करावी ते कळेना, म्हणून सगळंच खरं सांगितलं.

"मला वाटलंच होतं," रुचिरा म्हणाली. "शेंदूर ओला होता, वहिनी."

"मग बोलली काहून नाहीस?"

"जमीन तुमची. नाही म्हणायची तुमची पद्धत तशी असेल." मग तिनं विचारलं, "टोरियेचे आधीचे फोटो पाहिजे का? नेटवरून काढून टाकले, पण माझ्याजवळ आहेत. पाठवते." आणि पाठवले. एक शब्द जास्त नाही.

फोटोत खडक कोरा होता. शेंदूर नाही, चबुतरा नाही, फक्त रुचिराच्या खडूच्या खुणा आणि त्यावरून घरंगळणारं ऊन. प्रणोतीनं ठरवलं, लोकांसमोर उभं राहायचं. चैत्रातल्या नवरात्राच्या मंगळवारी सगळे असणार होते.

ती, जुई आणि मुरलीधरराव पोचले तेव्हा बायका ढोलकीवर देवीची भगतं म्हणत बसल्या होत्या. कुंपणाशी एका स्वयंसेवकानं मुरलीधररावांना अडवलं. "दादा, चप्पल उधर." मुरलीधररावांनी चपला काढल्या आणि आपल्याच जमिनीत अनवाणी गेले.

प्रणोती चबुतऱ्याजवळ उभी राहिली. गाणं थांबेपर्यंत थांबली. मग म्हणाली, हिंदीतच, सगळ्यांना कळावं म्हणून, "सुनिए. यहाँ कोई माता नहीं थीं. सिंदूर मैंने लगाया था. अपने हाथ से. ज़मीन बचाने के लिए. ये देखिए फोटो, पहले का."

मोबाइल एका हातातून दुसऱ्या हातात गेला. बायकांनी फोटो मोठा करून पाहिला, नातवंडांना दाखवला. प्रणोती चेहरे वाचत होती. कोण चिडेल, कोण आधी उठेल. कोणीच चिडलं नाही. मोबाइल सर्वांत पुढं बसलेल्या म्हातारीकडे पोचला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, मग कपाळाला लावला.

"देखो तो," म्हातारी म्हणाली, "तब माता भीतर हतीं. फिर जा बिन्ना के हाथ से बाहर आईं."

माता आत होती, या पोरीच्या हातून बाहेर आली! बायकांत एक हुंकार उठला. कोणीतरी प्रणोतीच्या पायाला हात लावला. तिनं पाय मागं घेतला तर दुसरीनं लावला.

"नहीं," ती म्हणाली, "आप समझ नहीं रहीं. मैंने झूठ बोला था."

"हओ बेटी," म्हातारी लाडानं म्हणाली, "माता ने बुलवाओ हतो." म्हणजे खोटंही मातेनंच बोलवून घेतलं होतं. तिनं शेंदराची ताटली प्रणोतीपुढं धरली. "पैलो तुमने लगाओ, आज भी तुमई लगाओ."

ताटली हवेत राहिली. जुई आईकडे पाहत होती, मुरलीधरराव जमिनीकडे. प्रणोतीनं दोन्ही हात पाठीमागं नेले. "ज़मीन हमारी है," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला.

"कौन मना कर रओ?" म्हातारीनं ताटली शेजारणीला दिली. "तुमरी है, तबई तो माता इते बैठीं." ढोलकीवर थाप पडली आणि भगत पुन्हा सुरू झालं.

टोरियेच्या पलीकडून भय्यासाहेब येत होते. एक पाऊल टाकायचे, दुसरं त्याला जोडून, खडकापासून थेट त्यांच्या बांधाच्या दिशेनं. हातात लाकडी खुंट्यांची मोळी आणि घण. एक खुंटी त्यांनी ठोकली, पुढं सरकले. प्रणोती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिथं लबाडी सापडली असती तर तिला धरायला काहीतरी मिळालं असतं. तिथं फक्त घाम होता, आणि शेतात नांगर धरणाऱ्या माणसाचं लक्ष.

"काय मोजून राहिले, भय्यासाहेब?"

"मांडव, सूनबाई. उन्हात बायका बसतात. छाया पाहिजे."

"कोणाला विचारून?"

भय्यासाहेबांनी घण खाली टेकला, गमछ्यानं तोंड पुसलं आणि चांदीच्या डोळ्यांच्या दगडाला आदरानं हात जोडले. तेच उत्तर होतं. मग ते पुढल्या खुंटीसाठी पाऊल जोडू लागले.

मुरलीधरराव जवळ आले. "चल बेटा. घरी जाऊ. पोरगी उन्हात आहे."

"तुम्ही लिंबाखाली बसा, बाबा."

तिनं जुईला कडेवर घेतलं, भय्यासाहेबांच्या पावलांचा अंदाज धरला, पुढली खुंटी जिथं पडणार होती तिथं गेली आणि मातीत मांडी घालून बसली. जुईला मांडीवर घेतलं. पदर तिच्या डोक्यावर धरला.

भय्यासाहेबांचं पाऊल तिच्या गुडघ्याशी येऊन थांबलं.

"सूनबाई, जरा सरका."

"बसून राहिली मी," प्रणोती म्हणाली.